माझी मुकी बंदूक

...नाही, पण मला एक सांगा, अवकाशात हवा असते का? नसते ना? शाळेत शिकलोय आपण सगळे! मग हवाच नाही तर आवाज कुठून येणार? एवढं साधं आहे हो, पण आमच्या ऑफिसात ते कुणाच्या गळी उतरेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, मी कॉम्प्युटर गेममधल्या बंदुका बनवतो. हसू नका, पोट भरतो त्यावर. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं त्यांनी, ते हसत नाहीत, त्याहून वाईट करतात... कुणी विचारलं, "मुलगा काय करतो?" की छताकडे बघतात! माझ्या मागच्या गेममधला अवकाशातला धमाका ऐकून म्हणाले, "तुला मी नववीतच नापास करायला हवं होतं." लागलं हो मनाला! म्हणून या खेपेला शब्द दिला, अप्पा, एक बंदूक अशी करतो की तुम्हाला लाल पेनाचं टोपण उघडावं लागणार नाही.

आणि केली! लेझरची. पोकळीत किरण दिसत नाही, म्हणून दिसत नाही. आवाज नाही. धक्का नाही. तापते, म्हणून मागे उष्णता बाहेर टाकायला पत्र्याच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांचं गणित मी... जाऊ दे, तुम्ही जांभया द्याल. चाप ओढला की समोरचा राक्षस गुपचूप आडवा. काय देखणी होती!

आमच्याकडे गेम खेळून चुका शोधणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी चाप ओढला, परत ओढला, कीबोर्ड आपटला आणि शेरा मारला, "बंदूक बिघडलेली आहे." अहो बाई, समोर तो मेलाय ना! "तो आपला आपण मेला असेल." आपला आपण!

मग साहेब आले. साहेबांचं बोलणं कसं, खांद्यावर हात ठेवून, लाडीगोडीनं... "हे बघ राजा, मला खरी नकोय, खरी वाटणारी हवीय." म्हणजे? "म्हणजे आवाज टाक, धाडकन्! निळा झोत टाक, थोडा धूर सोड, आणि रिकामी काडतुसं खाली पडू देत, छन् छन्!" लेझरला काडतुसं? आणि साहेब, खाली म्हणजे कुठे? अवकाशात खाली कुठे असतं? "आणि जरा गंज लाव रे, वापरातली दिसली पाहिजे." गंज! अहो, हवाच नाही तर गंज कुठून येणार? तर म्हणतात कसे, "आपला हिरो अकरा बंदुका पाठीला लावून पळतो, गोळ्या लागल्या तर खोक्यामागे बसून बरा होतो, त्याला कधी बोललास काही?"

आवाजवाल्यानं काय केलं, ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचं दार धरलं आणि दिवसभर आपटलं. कडी निखळली कपाटाची! आणि तो आवाज माझ्या बंदुकीला! मी हातापाया पडलो, रडकुंडीला आलो, तेव्हा कुठे तडजोड झाली. कपाटाच्या आवाजाची बंदूक सगळ्यांना, आणि माझी मुकी गेममधल्या अवकाशयानाच्या एका कोपऱ्यात ठेवायची, ज्याला हवी त्यानं उचलावी. कोण उचलणार? काळं कुत्रं उचलणार नाही! पण मला बाकी कुणी नकोच होतं हो, मला एकटे अप्पा हवे होते.

गेम बाजारात आला. अप्पांना खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून दिला, चाप कुठला ते दाखवलं, पडद्यावर मुकी घेऊन दिली, यानाबाहेर नेऊन उभं केलं. अप्पांनी चाप ओढला. शांतता. परत ओढला. नाक पडद्याला लागेपर्यंत पुढे वाकले...

"अरे, ही चालत नाही."

चालतेय अप्पा! तुम्ही आत्ता आपल्याच यानाच्या कप्तानाला मारलंत!

"झोपलाय तो."

अप्पा, विचार करा ना, हवाच नाही तर...

"दुसरी नाही का?" आणि बोट कुठं पडलं कोण जाणे, कपाटवाली आली हातात. धाडकन्! अप्पा खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. धाडकन्! निळा झोत, धूर, काडतुसं छन् छन्... आणि अप्पांच्या चेहऱ्यावर असं हसू, असं हसू, की माझ्या एकाही प्रगतिपुस्तकावर सही करताना मी ते बघितलेलं नाही! "हां! ही बघ! याला म्हणतात बंदूक! ही खरी!"

मी म्हटलं, अप्पा, निदान तुम्ही तरी... अहो, तुम्हीच शिकवलंत ना मला, हवाच नाही तर आवाज कुठून...

"गप रे! आवाज ऐकू दे."

घरात हवा होती हो, भरपूर होती. माझाच आवाज निघाला नाही.