डोक्यावर दोन टँकर

नाही, मला सांगा, गळती बंद करायला बोलावलेली माणसं गच्चीवर मुद्दाम पाणी भरतात, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि तेही थोडंथोडकं नाही, दोन टँकर! आणि खाली कोण? खाली मी. उताणा!

तुम्हाला सांगतो, मी साधा माणूस, नाशकात इंदिरानगरला राहतो, शाळेत क्लार्क आहे, पंखा पुसताना स्टुलावरून पडलो नि पाय मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई, वर प्लास्टर, आणि तो पाय दोरीनं असा टांगलेला... म्हणजे पळायची सोयच नाही! वॉर्ड हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. गेल्या पावसाळ्यात म्हणे इथं पेशंटच्या पांघरुणावर पाणी ठिबकायचं, म्हणून यंदा मे महिन्यातच गच्चीचं काम काढलं. डांबर तापवायचं नाही, कारण ऑक्सिजनच्या नळ्या, आगीला बंदी; म्हणून बादलीतलं थंडच, दह्यासारखं घट्ट, रोलरनं फासलं. फासलं, वाळलं, आनंद आहे! मग पाणी कशाला? तर म्हणे टेस्ट! अठ्ठेचाळीस तास चार इंच पाणी उभं ठेवायचं आणि खालून बघायचं, गळतं का. पेशंट हलवा म्हटलं, तर दुसरीकडे पलंग नाही. आणि मी उताणा!

इतक्यात तो फासणाऱ्यांचा मुकादम आला, बारकू, पेठ तालुक्याकडचा. माझ्या पलंगाशी थांबला, वर बघितलं. "साहेब, जुनी भेग बरोबर तुमच्यावरच हाय." चढला की स्टुलावर! छताला खडूनं हा एवढा गोल काढला, थेट माझ्या नाकाच्या रेषेत. "या गोलात ओल दिसली का हाक मारा. तुम्हाला तरी काय काम हाय? उताणेच हायेत ना."

झालं! पेशंटचा पहारेकरी झालो. शेजारच्या पलंगावर चांदवडचे रावजी. त्यांचा हात मोडलेला, पाय शाबूत, म्हणजे वेळ आली तर ते चांदवडपर्यंत पळतील, मी? रावजी वर जाऊन बघून आले आणि सांगतात काय, "भाऊ, तळं झालंय तळं! कावळे अंघोळ करताय!" असं सांगतात का हो माणसाला? नर्स वत्सलाबाई म्हणाल्या, "काका, डोळे मिटा जरा." डोळे मिटू? मग गोल कोण बघेल? बायको, ललिता, डबा घेऊन आली. "अहो, घास तरी खाली बघून घ्या!" खाली बघू? वरून आलं तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी... टप्! कपाळावर थेंब! मी ओरडलो, "गळलं! गळलं!" रावजी क्षणात दाराबाहेर, वत्सलाबाईंनी प्लास्टिक आणलं ते आधी माझ्या पायावर टाकलं, म्हणजे मी भिजलो तरी चालेल, प्लास्टर भिजायला नको! ललिता सगळ्या देवांना हाका मारतेय, सगळे पळताहेत, आणि मी उताणा!

बारकू अनवाणी धावत आला. स्टुलावर चढून छतावर तळहात फिरवला. कोरडं. उतरला, माझ्या कपाळावरचा थेंब बोटानं टिपला आणि... जिभेला लावला! "खारट हाय. घाम हाय तुमचा."

सगळा वॉर्ड हसला हो, रावजी तर दारातूनच! बारकू मात्र हसला नाही. पलंगाशी फरशीवर बसला, हळूच म्हणाला, "मला बी लय भ्या वाटतं, साहेब. हात माझा फिरलाय वर, आन् खाली जिती माणसं. कालपासून घास उतरत नाय." ललिताला म्हटलं, याला एक पोळी दे. त्यानं ती गुंडाळून हातात धरली आणि आम्ही दोघंही वर बघत बसलो. खरं सांगतो, जरा बरं वाटलं. भ्यायला जोडीदार पाहिजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुदत संपली. खिडकीशेजारच्या पाइपातून पाणी धो धो उतरलं. छत ठणठणीत कोरडं! बारकूनं गोल पुसला, छताला हात लावून नमस्कार केला आणि पोट भरून जेवायला गेला.

मग डॉक्टर आले. "पाय झकास जुळतोय. आज सोडणार होतो. पण बीपी एकशे ऐंशी? अजून तीन दिवस थांबा." ललिता रडकुंडीला आली. मी म्हटलं, जाऊ दे गं... सगळ्या नाशकात मी स्वतः तपासलेलं हे एकच छत आहे. आपल्या घराचं कोणी बघितलंय?