मेहुण्याचे गालिचे आणि माझी फरशी

आणि वास? त्याचं काय? गालिचा जुना आहे, मान्य, हाताने विणलाय, मान्य, आता असा कुणी विणत नाही, तेही मान्य, पण ओल्या बोकडाचा वास येतो त्याचं काय करायचं? तुम्हाला सांगतो, दारात चप्पल काढायच्या आधी मी खिशातून रुमाल काढतो आणि नाकाला लावतो. बायको म्हणते, "अहो, लोकर आहे ती. लोकरीला लोकरीचा वास येणारच." अगं, येऊ दे की! पण ती मेंढी मरून शंभर वर्षं झाली, आता तरी तिने थांबावं की नाही?

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा, याला फाटक्या गालिच्यांचा! नोकरीसाठी परदेशी निघाला आणि जाताना चार गालिचे आमच्या पुढच्या खोलीत टाकून गेला. "भावोजी, थोडेच दिवस. गुंडाळून मात्र ठेवू नका हं, कसर लागते. पसरून ठेवा, जरा हवा खाऊ द्या त्यांना." त्यांना हवा खाऊ द्या! आणि मी कुठे खाऊ? जिन्यात?

कारण त्या खोलीत माझी फरशी होती हो. पांढरी, गुळगुळीत, गार. पाठीचं दुखणं आहे मला, डॉक्टरांनी बजावलंय की रोज कठीण जागेवर पडत जा, नाहीतर कापाकापी करावी लागेल. कामावरून आलो की मी आपला उघड्या अंगाने फरशीवर आडवा! मणका न मणका "सुटलो रे बाबा" म्हणायचा. मला गालिचा नको, गादी नको, मऊ उशी नको. मला फक्त माझी फरशी हवी होती.

आणि फरशीवर आलं काय? एक इराणी, बारीक नक्षीचा, कुठल्या तरी श्रीमंताच्या दिवाणखान्यातला. त्याच्यावर मधोमध डाग. मेहुणा म्हणतो, "चहाचा असेल." असेल? असेल म्हणजे? मांजराचा नसेल कशावरून? एक मोरोक्कोच्या मेंढपाळाचा, एवढा जाड की आत हरवलेला चमचा अजून सापडत नाहीये. एक तिबेटी, छोटासा, मला वाटलं हा तरी बरा आहे, तर कळलं की तो घोड्याच्या पाठीवर घालायचा! म्हणजे घोड्याचा घाम! आणि त्याच्यावर बसणाऱ्याचा वेगळा! आणि चौथा तुर्कमान, तंबूतला, तांबडा. त्यावर सगळं खानदान जेवलं, झोपलं, शिंकलं, पोरंबाळं वाढली... शी! पोरंबाळं कशी वाढतात ते मला सांगू नका, दोन वाढवलीत मी.

तरी एक दिवस पाठ इतकी धरली की नाइलाजाने पडलो त्या तांबड्यावर. लगेच सगळं अंग खाजायला लागलं. उठून बघतो तर छातीला एक लांब राठ केस चिकटलेला. माझा? माझ्या डोक्याकडे बघा आणि सांगा. मग कुणाचा? उंटाचा, की तंबूतल्या आजोबांचा? मी ओरडलो तर बायको आतून म्हणते, "फेकू नका हं तो केस, गालिच्याचा असेल!"

शेवटी फोनवर मेहुण्याच्या हातापाया पडलो. विकून टाक बाबा. तो हळवा झाला. म्हणाला, "बरं भावोजी, पण खऱ्या पारख्यालाच दाखवा. आणि चौघे एकत्र जातील, ताटातूट नको." चौघे! जशा काही लेकी सासरी चालल्या होत्या. पण मी म्हटलं, जाऊ दे, जाताहेत ना? मला फक्त माझी फरशी हवी होती.

पारखी येणार त्या सकाळी मी एकेक गालिचा नजरेखालून घातला. बाकीचे जसे होते तसे होते, पण त्या तांबड्याला एका कोपऱ्यात टक्कल! लोकर झिजून आतले मळकट दोरे दिसत होते. आता मला सांगा, घर दाखवायचं असलं की आपण भिंतीचा पोपडा झाकतो की नाही? आमच्याकडे तांबड्या बुटांचं पॉलिश होतं. मी जुन्या दात घासायच्या ब्रशने, अगदी दोऱ्यादोऱ्याने, हलक्या हाताने लावलं. रंग असा जुळला की बायकोलाही ओळखता आला नाही. काय चुकलं माझं? बोला ना, काय चुकलं?

पारखी आला. किडकिडीत, सुटाबुटातला, बोलणं एकदम हळू. मला वाटलं, भिंग काढेल, टेप काढेल. तर हा गृहस्थ आल्या आल्या गुडघ्यावर बसला आणि नाक घातलं इराण्याच्या डागात! डोळे मिटून! "वा... चहाच आहे." मग घोड्याचा उचलून गालाला लावला. गालाला! "काय घाम मुरलाय साहेब!" इकडे मी रुमाल नाकावर दाबतोय, तिकडे हा फुललाय नुसता. मोरोक्कोवाल्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आमचा चमचा काढून दिला. मी मनात म्हटलं, किळस वाटू दे, ओकारी येऊ दे, पण हा माणूस चारही नेतोय! डोळ्यांपुढे फरशी चमकायला लागली हो.

मग तांबडा. पांढरा रुमाल ओला करून एका बाजूला घासला, रुमाल पांढराच. "अस्सल रंग. धुतला तरी उतरायचा नाही." मी म्हटलं, झालं तर मग, गुंडाळू या? तर म्हणतो, "थांबा. रुमालाने वरवरचं कळतं. खरं कळतं ते जिभेने." आणि मी "अहो, अहो" करेपर्यंत वाकला आणि त्या कोपऱ्याला, नेमका त्याच कोपऱ्याला, जीभ लावली!

त्याने जीभ आत घेतली. बाहेर काढली. लालभडक! बायको पाणी आणायला धावली आणि मी... मला सांगा, शंभर वर्षांच्या पायांची धूळ चाटणारा माणूस, त्याने तोंड वाकडं करून माझ्याकडे बघावं? माझ्याकडे? किळस आल्यासारखं?

"बुटांचं पॉलिश," तो म्हणाला.

"नवीन डबी होती हो," मी म्हटलं. "बुटाला लावलेलं नव्हतं."

त्याने चूळ भरली, रुमाल घडी करून खिशात घातला आणि थंडपणे म्हणतो, "साहेब, टक्कल असतं तर मी घेतला असता. झिजलेलं खरं असतं. पण रंगवलेला गालिचा ज्या घरात सापडतो त्या घरातलं आम्ही काहीच घेत नाही. आमच्यात रीतच आहे तशी." मी म्हटलं, तीन तरी न्या. दोन? घोड्याचा तरी? फुकट न्या! फुकट म्हटल्यावर तर तो जास्तच घाबरला. बूट घालताना एकदा माझ्या बुटांकडे बघितलं, तांबडेच होते, आणि गेला.

बायको म्हणाली, "कुणी सांगितला होता तुम्हाला नको तो उपद्व्याप?" मी म्हटलं, अगं, मला फक्त माझी फरशी हवी होती. ती म्हणाली, "तुमची फरशी, तुमची फरशी! माझ्या भावाला काय सांगू मी?"

काही सांगावं लागलं नाही. त्याचाच फोन आला. "गेले नाहीत? बरं झालं भावोजी! माझा जीवच तुटत होता. आणि ऐका ना, इथल्या बाजारात तीन मिळाले. पाठवलेत. पसरून ठेवाल ना?"

पाठीत कळ येत होती, उभं राहवत नव्हतं. भांडायला ताकद लागते हो. मी फोन कानाला धरूनच हळूहळू त्या मोरोक्कोवाल्यावर आडवा झालो आणि विचारलं, "त्या तिघांतला कमी टोचणारा कुठला रे?"