टेकडीवरचे नाकतोडे

(मुकुंदवाडीमागची टेकडी. सकाळचे आठ. टेकडी सपाट करायला आलेलं मशीन पायथ्याशी उभं आहे.)

सुकेशनी : म्हणजे काका, सगळे नेले?

सोनाजी : सगळे कशाचे, पोरी! घावले तेवढे. दोन डबे. परवा शहराभायेरच्या सातारा डोंगराला ठिवले. तूच म्हणली, असे नाकतोडे दुसरीकडं नाहीत. मंग काय बघत बसू?

सुकेशनी : मला विचारायचं तरी. सहा वर्षं यांचाच अभ्यास करतेय मी.

सोनाजी : तुझं विद्यापीठ अर्ज लिहीत बसलं. मशीन आलं बी.

अंगद : ओ काका, ओ म्याडम! साहेब नऊला येणार. उतरा खाली, मला बोलणी बसतात.

सोनाजी : थांब की रं अंगद. मशीन तुझं, टेकडी नाय.

अंगद : टेकडी तुमची बी नाय, काका.

सुकेशनी : नंतर जाऊन पाहिलं का तिकडं?

सोनाजी : काल गेल्तो. मच्छरदाणी लावली व्हती भवती. नव्या रानात मेंढरू पहिल्यांदा वाघरीत कोंडायचं, जाळीत. नायतर बिथरतं. म्हणलं, दोन दिवस रान वळखतील, मंग सोडू.

सुकेशनी : अन्?

सोनाजी : मुंगळे शिरले खालून. नुसत्या तंगड्या राहिल्या.

अंगद : आयला! उडाले नाय?

सुकेशनी : उडताच येत नाही त्यांना. बेटासारखं झालं ना इथं. चहूकडून घरं, डांबर. जे उडून गेले ते डांबरावर मेले. आखूड पंखांचे मागं राहिले, त्यांचीच पिल्लं वाढली. आता पंख म्हणजे नुसती खूण.

सोनाजी : जाळी नसती तर?

सुकेशनी : तिकडं सरडे लई आहेत, काका. इथं सरडा उरला नाही. पळायची सवयच मोडली यांची.

सोनाजी : नीट सांग. वाचले असते का?

सुकेशनी : काही वाचले असते. कदाचित.

सोनाजी : व्हय.

सुकेशनी : तुम्ही चांगल्यासाठीच केलं.

सोनाजी : माझ्या बायकोला, दगडाबाईला बी चांगल्यासाठीच शहरात आणलं. दुष्काळात मेंढरं इकली, उस्मानपुऱ्यात खोली घेतली. दिवसभर रान तुडवणारी बाई. म्हणलं, गर्दीत हरवशील, मी येईस्तोवर आतच बस. बाहेरून कडी लावायचो.

सुकेशनी : काका, राहू द्या.

सोनाजी : आत पडून मेली तवा बी कडी बाहेरूनच व्हती.

अंगद : काका... हॉर्न वाजवू का मी? पळतील तरी राहिलेले.

सोनाजी : कुठं पळतील?

सुकेशनी : आहेत अजून?

सोनाजी : त्या बोरीखाली. सात-आठ. थंडीनं गारठल्यात. मी नाय हात लावणार आता. तू ने.

सुकेशनी : बरणीत ठेवून पाहिलेत मी. तीन दिवसांच्या वर जगत नाहीत.

सोनाजी : अन् सोडायला?

सुकेशनी : जागा नाही, काका. खरंच नाही.

अंगद : साहेबाची गाडी आली बघा, नऊच्या आधीच.

सोनाजी : अंगद, बोरीकडची बाजू शेवटाला घे.

अंगद : घेतो. पण शेवटाला म्हंजे दुपारपत्तुर, बस.

सोनाजी : चालंल. तवर ऊन खातील.