बॅग टेंडरमध्ये नाही

...नाही, पण यात माझं काय चुकलं, सांगा ना! घरात सगळे मलाच धारेवर धरून बसलेत, मामी तर ताटसुद्धा आपटून वाढते! अहो, आमचा मामा गाईम्हशींच्या कानात मारायचे ते पिवळे बिल्ले बनवतो, नंबरवाले. घरामागं पत्र्याची शेड, एकच मशीन, आणि गिऱ्हाईक आटलेलं. सरकारी टेंडर मिळालं तर मशीन चालणार, नाहीतर थेट भंगारात!

तर मी आणि मामा नमुने घेऊन गेलो ऑफिसात. नियम काय, डबीत दहा बिल्ले हवेत, आणि एकदा मारलेला बिल्ला तुटल्याशिवाय निघता कामा नये. ठीक! पण तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणणार? साहेबांनी डबी उघडली, एक बिल्ला उजेडात धरला, "हं... पिवळा आहे," झाली तपासणी! आणि गेले फोनवर बोलायला.

आम्ही बाकड्यावर. बुडाला मुंग्या! शेजारी दुसरी पार्टी, कडक इस्त्री, अत्तराचा नुसता घमघमाट. त्या अत्तरवाल्याला शिपाई चहा विचारतो, आणि मला? "ए, पाय आत घे!" आता हातात बिल्ला टोचायचा चिमटा, समोर उघडी डबी, आणि साहेबांच्या चामडी बॅगेचा पट्टा असा कानासारखा लोंबतोय... तुम्ही काय केलं असतं? खटॅक!

साहेब आले. "हे काय आहे?" ओढतायत! शिपाई ओढतोय! कात्री आणली, कात्री वाकली! शिपायानं दात लावले, तर दात हलला, बिल्ला नाही! मामा आधी पांढराफटक, मग छाती ही एवढी, "साहेब, माल बघा की!" साहेबपण म्हणाले, "दणकट आहे हो." बोला, यात माझं काय चुकलं?

तेवढ्यात कारकूनबाई मोजायला बसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"नऊच आहेत."

"दहावा बॅगेला आहे ना, ताई!"

"बॅग टेंडरमध्ये नाही."

"अहो, डोळ्यांना दिसतोय!"

"दिसू दे. डबीत नाही. नमुने अपुरे, अर्ज बाद."

बाद! आणि त्या अत्तरवाल्याचा बिल्ला मी सगळ्यांसमोर नखानं उघडून दाखवला हो! पण त्याच्या डबीत दहा होते, वर अनुभवाचा दाखला. मिळालं त्याला.

परवा बघतो तर अत्तरवाला आमच्या शेडच्या दारात! टेंडर आहे, दाखला आहे, नमुने बाजारातून उचललेले, मशीनच नाही पठ्ठ्याकडे! "बिल्ले तुम्ही करा, नाव आमचं टाका." मामा म्हणाला, "निदान आम्ही केले असा दाखला द्या, पुढच्या टेंडरला लागेल." तो खो खो हसला, "दाखला दिला तर पुढच्या वेळी माझ्याच शेजारी येऊन बसाल की!"

मामानं माझ्याकडे असं बघितलं... असं बघितलं... आणि मशीनचं बटण दाबलं.

भंगारवाला टळला म्हणा. पण प्रत्येक बिल्ल्यावर त्या अत्तरवाल्याचं नाव ठोकायला सकाळपासून मशीनवर कोण उभं? मीच! चूक कुणाची का असेना... ड्युटी आपली.