‘सुनंदाबाईंना विचारून सांगा’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ‘तापीकाठ भोजनालया’चे मालक आणि आपणा सर्वांचे आबा, आदरणीय मोतीलालआबा चौधरी, धुळ्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, ट्रान्सपोर्टवाले अभिमननाना, सत्कारमूर्ती सौ. सुनंदाबाई झोपे आणि त्यांचे यजमान. जळगाव, धुळे, भुसावळ या तिन्ही शाखांमधले आचारी, वाढपी आणि गल्ल्यावरचे बंधू. आणि भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून इथे येऊन बसलेल्या माझ्या भगिनींनो,

मी पितांबर नारखेडे, जळगाव शाखेचा व्यवस्थापक. आबा परवा मला म्हणाले, "निरोपाचं भाषण तूच कर. तू तिच्यासंगे सगळ्यात जास्त भांडला हायेस, तुले सगळं माहीत हाय." आबांची आज्ञा मला प्रमाण. शिवाय सुनंदाबाई नाशिकला स्वतःचं कॉम्प्युटरचं ऑफिस थाटायला जात आहेत, म्हणजे आता भांडणाचा प्रश्नच मिटला. तेव्हा मी त्यांचं कौतुक करणार आहे. अगदी मनापासून करणार आहे. कोणी मधेच हसू नये.

आता कौतुकाला सुरुवात कुठून करावी? वेबसाइटपासूनच करतो, कारण माझ्या पोटात दुखायला सुरुवात तिथूनच झाली.

आपल्याला आठवत असेल, गेल्या साली आबांचे पुतणे अमेरिकेहून आले आणि म्हणाले, "काका, तिकडे पानटपरीलासुद्धा वेबसाइट असते." हे खरं की खोटं, ते विचारायला आपल्यापैकी कोण तिकडे जाणार होतं? आबांनी हुकूम सोडला आणि मजकुराचं काम माझ्याकडे आलं. का आलं? कारण या भोजनालयातली प्रत्येक पत्रिका आजवर मी लिहिली आहे. उद्घाटनाची, वास्तुशांतीची, आबांच्या तिन्ही मुलींच्या लग्नाचीसुद्धा. आपल्याकडे पत्रिका लिहिणं ही काही साधी गोष्ट नाही, मंडळी. वर गणपती, मग कुलदैवत, मग कैलासवासी, मग हयात वडीलधारे, वयाच्या क्रमाने. एक चुलता वगळा, की मांडवात जेवायला बसत नाही. एक मामा खाली घाला, की पुढची पिढी बोलत नाही. माझ्या पत्रिकेवरून आजवर एकही माणूस रुसलेला नाही!

तर मी वेबसाइटही त्याच रीतीने केली. वर गणपती. खाली आबांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. मग आबा, आबांचे बंधू, भागीदार, व्याही मंडळी, तिन्ही शाखांचे व्यवस्थापक, त्यात टाय लावलेला माझा फोटो आणि ‘दोन शब्द’. ते दोन शब्द पानभर होते, हे मी नाकारत नाही. मग आचारी, मग ‘आपले नम्र’. आणि सगळ्यात शेवटी, पत्रिकेत लग्नस्थळ असतं तसा, भोजनालयाचा पत्ता आणि फोन.

कोणी रुसलं नाही. आबा खूश. मी तर रोज पलीकडच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन स्वतःचा फोटो बघून यायचो.

अशा सुखाच्या दिवसांत सुनंदाबाई आल्या. माहेर बोदवडचं. बी.कॉम. झालेल्या, कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या आणि आवाज असा, की ऑफिसात बोलल्या तर भटारखान्यात उत्तर यावं. त्यांना फोनच्या टेबलावर बसवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी वेबसाइट उघडली, खालपर्यंत गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पितांबरभाऊ, लग्न कोणाचं आहे?"

मंडळी, नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, ते मिरचीच्या धंद्यात असूनही मला त्या दिवशी कळलं.

मग बाईंनी काय करावं? फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागल्या, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी म्हटलं, जेवायच्या ठिकाणी फोन केलाय, जेवणच हवं असणार, यात विचारायचं काय? पण नाही. कोणी विचारे, बस उभी राहायला जागा आहे का. कोणी विचारे, सोबत म्हातारी आहे, जिना चढावा लागेल का. सुरतेहून कोणी विचारे, शेवभाजी कमी तिखट मिळेल का. (सुरतेत राहून माणसाचं असं होतं.) आणि थंडी पडली, की सगळ्यांचा एकच प्रश्न, भरीत सुरू झालं का?

हे आमचे प्रमुख पाहुणे अभिमननाना. यांना तर बाईंनी इंटरनेटच्या दुकानात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "नाना, भूक लागली आहे असं समजा आणि शोधा." नाना तिथे काय बोलले, ते नंतर सगळ्या धुळ्याला कळलं. "बठ्ठासना फोटू शेतस, पन खावाले काय शे?" म्हणजे फोटो सगळ्यांचे आहेत, पण खायला काय आहे? नाना, मी तेव्हापासून तुमच्यावर रागावलो होतो. आज हार घालताना तो राग जरासा कमी झाला. हार मीच निवडला होता.

मी गेलो आबांकडे. स्पष्ट सांगतो, चुगली करायला गेलो. म्हटलं, "आबा, ही बाई तुमच्या वडिलांचा फोटो खाली ढकलणार आहे." मला वाटलं, आता काही बाईंची धडगत नाही. आबांनी बाईंना बोलावलं. बाईंनी आबांनाच कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "आबा, तुम्ही मालक नाही, गिऱ्हाईक आहात. आपला फोन नंबर शोधा." आपल्याकडचं इंटरनेट कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फोटो वरून खाली हळूहळू उतरतो. आधी आबांच्या वडिलांची पगडी आली. आबांनी हात जोडले. मग कपाळ आलं, पुन्हा हात जोडले. मिशी येईपर्यंत लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा पगडी, पुन्हा नमस्कार. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "अरे, बापाचं दर्शन झालं, पन नंबर कुठी हाय?"

वरातीमागून घोडं म्हणतात, तसा नंबर शेवटी होता. तिथपर्यंत आबा पोहोचलेच नाहीत.

मग काय! पत्रिका फाटली. नवी वेबसाइट उघडली, की पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत ‘आज काय आहे’. भरीत सुरू असेल तर ‘भरीत सुरू’. त्याखाली फोन. त्याखाली बस कुठे थांबवायची आणि जिना आहे की नाही. आबांचे वडील शेवटी गेले, पण गेले तरी राहिले. मी? मी कुठेच नाही. टायसकट गेलो. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ, तुमचा फोटो पाहिजे असं एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नाही." बरं, एकाला तरी विचारलं होतं का? तर हो, विचारलं होतं!

त्यानंतर या थंडीत सुरतेच्या, पुण्याच्या गाड्या दारात लागल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला माणसं ताटकळत उभी राहिली. गिऱ्हाईक वाढलेलं बघून दुःखी होणारा व्यवस्थापक तुम्ही कधी पाहिला नसेल. हा बघून घ्या. मी गल्ल्यावर बसून प्रत्येक टेबलाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ही तिची माणसं, तीही तिची माणसं. वांगी बामणोदची, तेल आपलं, भाकरी थापणारे हात या भगिनींचे, आणि नाव कोणाचं? बाईंचं. मी जळलो, मंडळी. भरताचं वांगंसुद्धा वरूनच जळतं, मी आतून जळलो.

आता एक आनंदाची बातमी, जी आबा नंतर सांगणार होते. उद्यापासून तिन्ही शाखांचा मुख्य व्यवस्थापक म्हणून मी काम बघणार आहे. टाळ्या वाजवा, वाजवा. या खुर्चीची मी आयुष्यभर वाट बघितली. आबांनी ती मला दिली तेव्हा माझे डोळे भरून आले. मी पाया पडलो. आबा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आधी तिले विचारलं होतं. ती नाही म्हने. मंग म्हटलं, तू हायेसच."

आबा, हे तुम्ही मनातच ठेवलं असतं तर फार उपकार झाले असते.

बाई, तुम्ही माझा फोटो काढलात, ते मी सोसलं. गिऱ्हाईक नेलंत, तेही सोसलं. पण ज्या खुर्चीसाठी मी जन्म घालवला, तिला तुम्ही चहा नको म्हणावं तसं नको म्हणालात, हे मात्र मला सोसत नाही. ती खुर्ची तुम्ही भांडून घेतली असती तर मला झोप लागली असती.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. बाई समोर बसून टेबल आवरत होत्या. फोन वाजला. मी झडप घालून उचलला आणि एक दिवस आधीच म्हणालो, "तापीकाठ, मुख्य व्यवस्थापक बोलतोय." पलीकडून प्रश्न, भरीत सुरू आहे का? म्हटलं, आहे. तो माणूस म्हणाला, "नक्की ना? नाहीतर सुनंदाबाईंना विचारून सांगा." भटारखान्यातून भरताचा वास येत होता. मी स्वतः वांगी उतरवून घेतली होती. तरी मी फोनवर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, भरीत आहे ना?" बाईंनी मान हलवली. मग मी सांगितलं, "हो, बाई म्हणताहेत, आहे."

उद्या फोन वाजेल, तो मीच उचलेन. समोरचं टेबल रिकामं असेल. मग मी कोणाला विचारू, बाई? आणि जळू कोणावर?

आबांनी बोलायची संधी दिली, आपण भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात मीठ कमी पडलं असेल किंवा तिखट जास्त झालं असेल, तर घरचं जेवण समजून गोड मानून घ्या. पंगत मांडली आहे. पहिलं पान सुनंदाबाईंचं, आणि ते मी वाढणार आहे. बाई, नेमकं काय हवंय, तेवढं सांगा.