सदुसष्ट नंबरचं प्रगतिपुस्तक

पोटेन्शियल आहे, म्हणे. अहो, कशात नसतं पोटेन्शियल? आमच्या मागच्या अंगणात गवताची काडी उगवत नाही, त्यात घर विकणाऱ्या माणसाला पोटेन्शियल दिसलं होतं, नातीच्या टीचरला नातीच्या गणितात दिसतं, आणि ह्या ग्रेगला, म्हणजे आमच्या सुजितच्या कोचला, सुजितमध्ये दिसतं. मी म्हटलं, दिसतं तर कुठे दिसतं ते बोट ठेवून दाखव बाबा. तर पोटावरून हात फिरवत म्हणतो, "या, ना, आजी... पोटेन्शियल." आधी हो म्हणायचं, मग नाही म्हणायचं, आणि मग पोटेन्शियल म्हणायचं. तुम्हाला सांगते, ज्याला आज काही येत नाही आणि तसं तोंडावर सांगायची आपल्यात हिंमत नाही, त्याच्यात पोटेन्शियल असतं.

आणि मला ह्यात पाडलं कोणी? पद्माकरने. पद्माकर माझा थोरला, नाशिकरोडला असतो. धाकटा सदानंद इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीत, मी त्याच्याकडे. सुजित हा पद्माकरचा मुलगा, इथे शिकायला आला, आणि आला तोही कधी, तर कोविडनंतर बॉर्डर उघडल्यावर विमानं भरभरून पोरं उतरत होती तेव्हा. वेरिबीत ज्याच्या त्याच्या गॅरेजमध्ये गाद्या, दारात चपलांचा ढीग, आणि युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, म्हणे एकेका वर्गात तीनशे पोरं. सुजित मला एकदा भाकरी खाता खाता म्हणाला, "आजी, सहा महिने झाले, युनीत एकाही माणसाने मला नावाने हाक मारलेली नाही." आता हा देह, दारातून यायचा तर आडवा होऊन येतो, तो कुणाला दिसू नये म्हणजे काय झालं?

तर दिसला, तो ग्रेगला. युनीत क्लबवाल्यांची टेबलं लागली होती, हा एका टेबलाशी सॉसेज मिळतंय म्हणून उभा. ग्रेगने ह्याला वरून खाली बघितलं, मग डावीकडून उजवीकडे बघितलं, कपाट घेताना आपण बघतो ना, जिन्यातून जाईल का, तसं. आणि म्हणाला, "मेट, कधी अमेरिकन फुटबॉल खेळलायस?" हा म्हणाला नाही. ग्रेग म्हणाला, "नो वरीज, पोटेन्शियल आहे." सॉसेज अजून तोंडातच होतं, तोवर अंगावर शर्ट चढला. नंबर सदुसष्ट.

पद्माकरला कळलं, तो फोनवर तापला. "शिकायला पाठवलंय का धक्काबुक्की करायला?" सुजित रडवेला, सदानंद मध्ये पडला, शेवटी पद्माकर म्हणाला, "ठीक आहे, चार मॅच. आईने बसून बघायच्या. आईच्या नजरेतून काही सुटत नाही. आई म्हणाली ह्याच्यात दम आहे, तर खेळू दे. आई म्हणाली नाही, तर हेल्मेट त्याच दिवशी परत." म्हणजे बघा, पोराचा सगळा निकाल माझ्या हातात. सुजित त्या दिवसापासून माझा चहा स्वतः करायला लागला. मी म्हटलं, साखर कितीही घाल, मी बघेन तेच सांगेन.

पहिली मॅच. समुद्रावरून असा वारा येतो तिथे, की खुर्ची एकटी धरून बसवत नाही, सुनेने, क्षितिजाने, मांडीवर पुलावाचा डबा ठेवला तेव्हा मी जमिनीला टेकून राहिले. खेळ काय, तर पाच जण धिप्पाड एका ओळीत वाकतात, एक हात जमिनीला, समोरून तसेच धिप्पाड येतात, आणि ह्या पाचांनी त्यांना अडवायचं. मागे एक देखणा सोनेरी केसांचा पोरगा बॉल घेऊन उभा, त्याच्या अंगाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. बस. एवढंच. सुजित ह्या पाचांत, डाव्या टोकाला. आणि त्याच्यासमोर कोण यावं? पांढरी दाढी. पंचेचाळिशीचा माणूस, प्लंबर आहे म्हणे, दाढी छातीपर्यंत. तो सुजितच्या अंगावर आला, आणि आमचा सुजित... बाजूला झाला. वाट दिली त्याला. मोठा माणूस आला म्हणून. पुढच्या वेळी ढकललं, तर लगेच "सॉरी अंकल", आणि हात देऊन उठवतोय. तेवढ्यात मागे तो सोनेरी केसांचा चिखलात उताणा. अकरा वेळा, तुम्हाला सांगते, मोजून अकरा वेळा ती दाढी सुजितच्या डाव्या काखेखालून गेली, आणि अकरा वेळा ह्याने तिचं कुशल विचारलं.

पण आम्हाला तेव्हा कुठे काय कळत होतं? आम्ही खूश. कारण मध्येच पांढऱ्या टोपीच्या पंचाने शिट्टी मारली, माइक घेतला, आणि सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं म्हणाला, "होल्डिंग. नंबर सिक्स्टी-सेवन." आता इतक्या बावीस माणसांत एकट्या आमच्या पोराचा नंबर माइकवरून घेतला, आम्ही काय समजणार? क्षितिजा उठून उभी, मी टाळ्या, सदानंदने व्हिडिओ काढून नाशिकरोडला पाठवला. समोरच्या टीमची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती, मी म्हटलं काय दिलदार लोक आहेत. थोड्या वेळाने पुन्हा, "सिक्स्टी-सेवन." पुन्हा टाळ्या. मी शेजारच्या बाईला पुलाव दिला. तिने माझ्याकडे फार दयेने बघितलं, पण पुलाव खाल्ला.

मग नात, निहारिका, अकरा वर्षांची, कानातला इअरफोन काढून म्हणते, "आजी, दॅट्स अ पेनल्टी. दॅट्स बॅड. तो चुकला की त्याचा नंबर घेतात."

"आणि बरोबर केलं की?"

"देन नोबडी सेज एनिथिंग."

म्हणजे बघा. चुकलं तर माइकवर, नाही चुकलं तर गप्प. मी म्हटलं, हे काम मला नवीन नाही, मी एक्कावन्न वर्षं स्वयंपाक केलाय.

मॅच संपल्यावर ग्रेग आला, मी म्हटलं, सांग आता. तो म्हणाला, पोटेन्शियल आहे. मी म्हटलं, अकरा वेळा दाढी डावीकडून गेली. ग्रेग म्हणाला, "अकरा?" वहीत बघितलं, त्याच्या वहीत सात होत्या. मी एकेक सांगितली, कुठली पहिली, कुठली चहाच्या आधीची, कुठल्या वेळी सुजितची बुटाची नाडी सुटली होती. ग्रेगने निमूटपणे सातचे अकरा केले.

आता घरी आल्यावर मी त्याला धरला. मी ओट्याशी उभी, म्हटलं वाक, तसा वाक, जसा तिथे वाकतोस. वाकला. मी म्हटलं, आता पुढे धावणार आहेस ना? तो चकित. "आजी, कसं कळलं?" अरे, जमिनीवरची बोटं पांढरी पडलीत, सगळा भार पुढे. आणि मागे सरकून अडवणार असलास की टाचांवर बसतोस, पाटावर बसल्यासारखा. मला लाटणं हातात असताना कळतं, त्या दाढीला कळणार नाही? ती वीस वर्षं लोकांच्या घरातले नळ बघतेय, गळतंय कुठे ते तिला पहिलं दिसतं. मग काय, रोज संध्याकाळी ड्राइव्ह-वेवर हिरवा कचऱ्याचा डबा, तो चाकांचा मोठा, त्यात विटा भरून सुजितने ढकलायचा आणि मी खुर्चीवरून बोटं बघायची. "सॉरी म्हणू नकोस, तो डबा आहे." शेजारचा माणूस दोन दिवस कुंपणावरून बघत होता, तिसऱ्या दिवशी येऊन त्याचाही डबा देऊन गेला.

दुसऱ्या मॅचला दाढी नव्हती, दुसरी टीम, नंबर एकदाच माइकवर. तिसऱ्या मॅचला एकदा. सुधारत होता, मी नाही म्हणत नाही. पण मला एक खटकत होतं. चौघापाचांनी मार खायचा, चिखल खायचा, आणि बॉल? बॉल कधी ह्यांच्याकडे येईना. मी ग्रेगला विचारलं, निहारिका मध्ये बोलायला. "ह्या पाच जणांकडे बॉल कधी टाकणार?"

ग्रेग हसला. "नाही आजी, नियम आहे. ह्या पाच जणांकडे बॉल फेकायचाच नाही."

"का?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

"पुस्तकात लिहिलंय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, बाबा, राबायचं ह्यांनी आणि शिवायचं नाही, हे कुठल्यातरी पुस्तकात लिहून ठेवलंय, हे मला सांगू नकोस. आमच्या घरात असल्या पुस्तकांचं काय झालं ते तुला माहीत नाही. निहारिकाने ह्याचं काय इंग्रजी केलं देव जाणे, ग्रेग म्हणाला, "फेअर इनफ." आणि सुजित हातमोजे बघत उभा. मनात पक्कं धरलं त्याने. शिवायचं नाही.

चौथी मॅच. पुन्हा पांढरी दाढी. आणि तुम्हाला काय सांगू, पोरगा वाकला, बोटं बघितली मी, पांढरी नाहीत, टाचा उचललेल्या, काही कळेना, मला कळेना तर दाढीला काय कळणार. दाढी डावीकडून आली, अडली. उजवीकडून आली, अडली. उडी मारून आली, ह्याने हवेतच झेलली आणि मुकाट खाली ठेवली. सॉरी नाही, अंकल नाही. बारा, वीस, तिसाव्या वेळी दाढी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी, आणि माइकवर एकदाही सदुसष्ट नाही. निहारिका म्हणाली तसंच, कुणी काहीसुद्धा म्हटलं नाही. मी मात्र एकटी बसल्या जागी टाळ्या वाजवत होते, लोकांना वाटलं थंडी वाजतेय.

शेवटचा मिनिटभर राहिला, आपली टीम दोनने पुढे. आणि तो सोनेरी केसांचा, अख्खी दुपार अंगाला बोट लागलेलं नाही, तर त्याच्या हातातून बॉल आपोआप सुटला. निसटला, उडत उडत आला, आणि थांबला कुठे? सुजितच्या बुटांपाशी. सगळं ग्राउंड ओरडतंय, ग्रेग टोपी फेकून ओरडतोय, आणि आमचा सुजित... दोन्ही हात पसरून बॉलभोवती उभा राहिला. राखण करत. स्टेशनवर कुणीतरी सांगून जातं ना, जरा सामानाकडे बघा, मी आलोच, तसा. चौघांना आडवं केलं त्याने, बॉलला बोट लावलं नाही. मग दाढी रांगत आली, त्याच्या दोन पायांमधून हात घातला, बॉल घेतला आणि पळाली ती थेट आमच्या टोकाच्या रेषेपार. हरलो.

ग्रेग गुडघ्यावर बसला होता. "मेट, खाली पडला की उचलता येतो. पडलेला कुणीही उचलायचा असतो."

सुजित म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही."

आणि खरंच हो, कुणी सांगितलं नव्हतं. ढकल सांगितलं, वाक सांगितलं, शिवू नकोस सांगितलं. बॉल पायाशी आला तर काय करायचं, हे ह्या पोराला सांगायची गरज पडेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोटेन्शियल आहे, म्हणे. मी ग्रेगला तिथेच म्हटलं, त्याच्यातलं सोड, आधी तुझ्यातलं बघ. पण मग काय झालं, त्या टीमची सगळी पोरं आली, मला वाटलं आता हाणतात, तर एकेकाने ह्याच्या पाठीवर थाप मारली, तो सोनेरी केसांचापण आला, आणि म्हणाले काय, "सुज, चल." सुज. अर्धंच, पण नावच ते.

रविवारी फोन. सुजित सोफ्याच्या कडेला, चहा माझ्या हातात द्यायला विसरून स्वतःच पितोय. पद्माकर म्हणाला, "जय भीम आई. बोल. पास का नापास?"

मी म्हटलं, "बाबा, हा जिथे उभा राहिला तिथून चौथ्या मॅचला, शेवटचा मिनिट सोडला तर, कुणी पुढे गेलं नाही."

"ते ठीक. गोल किती केले?"

"त्याचं काम गोल करायचं नाही रे, अडवायचं—"

"आई, मला एक आकडा सांग. इथे लोक विचारतात. चार मॅचमध्ये ह्याने केलं काय?"

आता मी आयुष्यात खोटं बोललेली नाही, विसरत नाही आणि खोटं बोलत नाही, आणि समोर हे पोर, कप तोंडाला लावून नुसतं बसलेलं, पीत नाही, काही नाही. मी म्हटलं, "चार मॅचमध्ये चार वेळा ह्याचा नंबर माइकवरून घेतला. सगळ्या ग्राउंडला ऐकू गेला. समोरच्या टीमनेसुद्धा टाळ्या वाजवल्या."

ह्यातला एक शब्द खोटा आहे का? सांगा तुम्ही.

पद्माकर रडला असावा, नाक ओढल्याचा आवाज आला. "खेळू दे त्याला," म्हणाला. सुजितने मला उचललं, खुर्चीसकट, म्हटलं खाली ठेव, डबा नाही मी.

संपलं असं वाटलं ना? मलापण वाटलं. तिसऱ्या दिवशी नाशिकरोडहून फोटो आला. चौकात फ्लेक्स लागलाय. दहा बाय बारा. मध्ये सुजित, हेल्मेटमध्ये, तोंड दिसत नाही, खाली लिहिलंय, ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर चार गोल करून समाजाचं नाव उज्ज्वल करणारे. आणि खाली शुभेच्छुकांचे बत्तीस फोटो, त्यात मी, लग्नातला. मी सदानंदला म्हटलं, सांग त्यांना. सदानंद म्हणाला, तू सांग. क्षितिजा म्हणाली, काढतील काही दिवसांनी.

काढला त्यांनी, नाही असं नाही. पद्माकरने व्हिजिटर व्हिसाला अर्ज टाकला होता, पुढच्या सीझनला येऊन बघायला. मी ग्रेगकडे गेले, म्हटलं, एक, फक्त एक गोल, बापासमोर. तो म्हणाला, "आजी, नियम." मग मी आशा धरली ती व्हिसावाल्यांवर. सगळ्यांचे नाकारतायत सध्या, त्या क्षितिजाच्या मैत्रिणीच्या सासूचा दोनदा नाकारला, चांगली बाई, देवमाणूस. मी रोज मनात म्हणत होते, बाबांनो, माझ्या लेकाचापण नाकारा, कुठल्या आईने मागितलं नसेल ते मागतेय. नऊ दिवसांत मंजूर झाला.

मंगळवारी उतरतोय. आणि तो फ्लेक्स चौकातून काढला, तो काही टाकला नाही हो, गुंडाळून सोबत आणतोय, ग्राउंडला लावायला.