न म्हटलेलं ‘येतो’

ठकुबाई : चा बी घेतला न्हाई. उठला, चपला घातल्या आन् गेलाच.

दादासाहेब : चहाचं राहू दे. निरोपाचा एक शब्दही न उच्चारता गेला, याचा मला धक्का बसला आहे. ज्योतीराम! माझा विद्यार्थी, आपल्या समाधानचा कंपनीतला जोडीदार!

ठकुबाई : रातपाळी करून आलता. इसरला आसंल ‘येतो’ म्हनायचं. शाळा कवाच सुटली तुमची, आता तरी पोरांना सोडा.

दादासाहेब : ही विसरण्याजोगी गोष्ट आहे काय? ‘जातो’ म्हणणं जगातून जाण्याच्या फार जवळचं. म्हणून आपल्या माणसांनी निघतानाच परतण्याचं वचन द्यायची रीत घातली. आजकालच्या त्या टाटा-बायबायमध्ये आहे का असलं वचन? ते दिल्यावाचून या घरातून आजवर कोणी गेलेलं नाही.

ठकुबाई : आन् आपुन न्हाई का निघालो, मागं रंभाच्या घरून? तिचा मालक वारला तवा? मी ‘येते’ म्हनाया लागले, तर तुमीच माजा हात दाबला.

दादासाहेब : ती गोष्ट निराळी. मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नसतात. तसल्या कारणानं पुन्हा येणं घडू नये, म्हणून मुकाट्यानं उठायचं, चहापाणी न घेता, मागे न बघता...

ठकुबाई : आवो, दाराकडं काय बघताय?

दादासाहेब : समाधान अजून कसा आला नाही?

ठकुबाई : ओव्हरटाइम आसंल. ज्योतीरामला इचारलं, तर त्यो खालीच बघत बसला. माजं बीपी कसं हाय, तेवढंच बोलला.

दादासाहेब : माझा फोन दे. दे म्हणतो ना!

(फोन लागतो. स्पीकर चालूच राहतो.)

दादासाहेब : ज्योतीराम, तू ‘येतो’ का म्हणाला नाहीस?

ज्योतीराम : सर...

दादासाहेब : बोल.

ज्योतीराम : पहाटं प्रेस मशीनमध्ये सापडला, सर. दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं. सांगायलाच आलतो. काकी म्हणल्या, समाधानसाठी पोहे झाकून ठेवलेत, तूबी थांब. मग तोंडच उघडंना. कोपऱ्यावरच उभा हाय, सर.

दादासाहेब : ठके... खाली बस.

ठकुबाई : त्यो चुकतोय. काल निघताना, हितंच दारात, समाधान मला ‘येतो आई’ म्हनला व्हता.